शंभर टक्के हजेरी

घरातलं कुत्रं जातं तेव्हा कॉलेजला सुटी नसते, कुणी भेटायला येत नाही आणि रडलं तर लोक हसतात. म्हणून त्याबद्दल एकदा नीट बोलूया.

घरून फोन येतो तेव्हा आईच्या बोलण्याआधी मागचे आवाज ऐकू येतात. कुकरची शिट्टी, टीव्हीवरच्या बातम्या, बाबांचं खाकरणं आणि उन्हाळा असेल तर कूलरची घरघर. हॉस्टेलच्या कॉटवर बसून आपण त्या आवाजांवरूनच ताडतो, घरी सगळं ठीक आहे ना. तुम्हीही करता ना हे?

चार वर्षांपूर्वी मी पुण्यात शेवटच्या वर्षाला होते. घर वर्ध्यात. दर रविवारी आई फोन स्पीकरवर टाकायची आणि माझा 'हॅलो' ऐकला की आमचा टिल्लू भुंकायचा. एकदाच. मग फोनला नाक लावून हुंगत बसायचा. त्या रविवारी तो भुंकला नाही.

"टिल्लू कुठंय?"

"आहे नं. झोपला आहे."

"दुपारी चारला?"

"म्हातारा झाला नं आता तो. तुझा पेपर कधी संपते, ते सांग."

पेपर संपला त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला. बाबा स्वतःहून फोन करणाऱ्यातले नाहीत. ते बोलतात तेही आईच्या मागून, "पैसे आहेत का विचार तिला" एवढंच. त्या दिवशी म्हणाले, "बेटा, टिल्लू चालला गेला नं."

"कधी?"

"झाले अकरा दिवस."

अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत मी काय काय केलं, ते मी रात्रभर आठवत बसले. मेसमध्ये हसले होते, एक सिनेमा पाहिला होता. मधे एकदा अभ्यासाचा कंटाळा आला म्हणून टिल्लूचा जुना फोटो स्टेटसला ठेवला होता, 'मिस यू म्हाताऱ्या' लिहून. कुणी कुणी पाहिलं त्या यादीत आईचं नाव होतं. तिने तो फोटो पाहिला, फोन बाजूला ठेवला आणि मला काही कळू दिलं नाही.

शिकायला घराबाहेर पडलेल्या आणि घरी एखादं कुत्रं ठेवून आलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहितेय. ज्यांचं गेलं त्यांच्यासाठी, आणि ज्यांचं अजून गेटशी बसलेलं आहे त्यांच्यासाठी त्याहून जास्त.

कुत्रंच होतं नं!

माझी रूममेट चांगली पोरगी. तिने मला रडताना पाहिलं, घाबरून जवळ आली, सगळं ऐकून घेतलं आणि सुटकेचा श्वास सोडला. "अगं, मला वाटलं घरी कुणाला काही झालं!" तिचा दोष नव्हता. तीही वर्धा जिल्ह्यातलीच, आर्वीकडची. तिच्या घरी कुत्रं खळ्यावर असतं, एक गेलं की दुसरं येतं. दुसऱ्या दिवशी तिने समजूत घातली, "कायले एवढं लावून घेतं? कुत्रंच होतं नं."

या तीन शब्दांशी तुमचीही गाठ पडली असेल. आजी गेली तर कॉलेज सुटी देतं, अर्जात कारण लिहिता येतं. कुत्रं गेलं तर अर्जात काय लिहिणार? दहावा नाही, तेरावा नाही, घरी येऊन कोणी चहा न घेता बसत नाही. दुःख तर आहे, पण ते ठेवायला जागा नाही.

अमेरिकेतले शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 साली या प्रकाराला एक नाव दिलं. मराठीत त्याला 'मान्यता नसलेलं दुःख' म्हणता येईल. ज्या नात्याला समाज नातंच मानत नाही, ते तुटलं तर रडायचा हक्कही देत नाही. मग माणूस दोनदा दुखावतो. एकदा ते नातं तुटलं म्हणून आणि दुसऱ्यांदा आपल्याला एवढं वाईट वाटतंय याचीच लाज वाटते म्हणून. मी तर पुढचे कित्येक दिवस विचारणाऱ्याला 'सर्दी झालीय' सांगत होते.

खरंतर जनावरावर माया करणं आपल्याकडे नवीन नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात, त्याला जेवणाचं आवतण देतात. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोरं रस्त्यावर उतरतात, आणि आपल्या जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा पाहायला तर लांबून लोक येतात. दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत. नामदेवांची भाकरी कुत्र्याने पळवली तर कोरडी कशी खाशील म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर स्वर्गाच्या दारात उभा राहून सांगतो, वाटेत सोबत आलेलं हे कुत्रं बाहेर ठेवायचं असेल तर मला आत यायचं नाही.

पण रोजच्या व्यवहारात मान कामाला मिळतो. बैल राबतो म्हणून पोळा. मुंबई पोलिसांचा लॅब्रेडोर 'झंजीर' आठवा. 1993 च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने 3,329 किलो आरडीएक्स, 600 डिटोनेटर आणि 249 हातबॉम्ब शोधून दिले. 16 नोव्हेंबर 2000 ला तो हाडांच्या कॅन्सरने गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. योग्यच झालं.

आमच्या टिल्लूचं काय? त्याने आयुष्यात काहीही शोधलं नाही. फेकलेला चेंडूसुद्धा नाही. घरामागची पाण्याची मोटर एका रात्री चोरीला गेली, तेव्हा हा अंगणातच होता. चोराला त्याने शेपूट हलवत गेटपर्यंत सोडलं असणार, याबद्दल आमच्या घरात आजही एकमत आहे. दिवाळीचे चार दिवस तो दिवाणाखाली काढायचा. राखण शून्य, काम शून्य. तरीही तो गेल्यावर घर रिकामं झालं.

मग तो करायचा काय?

उत्तर शोधायला मला बरेच महिने लागले. आणि सापडलं ते तुमच्या-माझ्या रोजच्या वापरातल्या शब्दात. तो हजर असायचा.

पंचाहत्तर टक्के हजेरीसाठी आपण काय काय करतो! मित्राला प्रॉक्सी लावायला सांगतो, सरांच्या मागे फिरतो, मेडिकल सर्टिफिकेट जोडतो. टिल्लूची हजेरी शंभर टक्के होती. दहावीला ट्यूशनवरून सायकलने रात्री नऊला यायचे, तेव्हा तो गेटशी बसलेला. पावसात, थंडीत, लाइन गेलेली असताना अंधारातसुद्धा. आजीच्या शेवटच्या तीन महिन्यांत तो तिच्या पलंगाखालून फक्त खायला आणि बाहेर जाऊन यायला उठायचा. बारावीत मला एका विषयात कमी मार्क मिळाले त्या दिवशी घरातले सगळे काही ना काही बोलले. कुणी समजूत काढली, कुणी टोमणा मारला. टिल्लू येऊन पायावर हनुवटी टेकवून बसला. बस्स.

हे नुसतं आपल्या मनाचं नाही, असं शास्त्रज्ञांचंही म्हणणं आहे. जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 साली दाखवून दिलं, की कुत्रं आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले, की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि तान्ह्या बाळाच्या नात्यात असतं तेच हे संप्रेरक. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांमध्ये मात्र तसं दिसलं नाही. म्हणजे ही नजर कुत्र्याने माणसाच्या सोबतीत राहून कमावलेली आहे.

दुसरा प्रयोग अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाचा. ग्रेगरी बर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांना एमआरआय मशीनमध्ये शांत पडून राहायला शिकवलं. मग बारा कुत्र्यांना वेगवेगळे वास दिले. स्वतःचा, ओळखीच्या कुत्र्याचा, अनोळखी कुत्र्याचा, अनोळखी माणसाचा आणि ओळखीच्या माणसाचा. मेंदूचा जो भाग काहीतरी चांगलं मिळणार म्हणून जागा होतो, तो सगळ्यात जास्त जागा झाला ओळखीच्या माणसाच्या वासाला. आणि तो माणूस त्या वेळी तिथे नव्हता. होता फक्त त्याचा वास.

हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद केला. मी पुण्याला निघाले तेव्हा माझा एक जुना, कोपराला फाटलेला स्वेटर घरी राहिला होता. आई म्हणायची, "त्याच्यावरच झोपते तो. धुवाले घेऊ देत नाही." मला ते गमतीचं वाटायचं. तीन वर्षं मी घरात नव्हते, पण त्याच्या नाकापुरती मी घरी होते.

तुम्ही हाचिकोच्या रील्स पाहिल्या असतील. टोकियोतले प्राध्यापक उएनो मे 1925 मध्ये कामावर असताना अचानक गेले आणि त्यांचा कुत्रा हाचिको शिबुया स्टेशनवर त्यांची वाट पाहत राहिला. 8 मार्च 1935 ला तो मेला तोवर, म्हणजे नऊ वर्षांहून जास्त. त्या दोघांचा सहवास मात्र दीड वर्षाचाही नव्हता, हे रीलमध्ये सहसा सांगत नाहीत. कुत्र्याने किती काळ सोबत मिळाली याचा हिशेब ठेवला नाही, हे मला त्या वाट बघण्यापेक्षाही मोठं वाटतं.

माणसाकडूनही अशी हजेरी लागलेली आहे, फार जुनी. जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे 1914 साली एक थडगं सापडलं, सुमारे 14,000 वर्षांपूर्वीचं. त्यात एक पुरुष, एक बाई आणि एक कुत्र्याचं पिल्लू. 2018 साली संशोधकांनी पिल्लाचे दात पुन्हा तपासले, तेव्हा त्याला डिस्टेंपर झाला होता असं दिसलं. आजही या आजारात पिल्लू वाचणं कठीण. ते पिल्लू मात्र आजारी पडल्यावर काही आठवडे जगलं. कुणीतरी ऊब दिल्याशिवाय, पाणी पाजल्याशिवाय, घाण साफ केल्याशिवाय हे होणं शक्य नव्हतं. ते शिकारीला जाणार नव्हतं, राखण करणार नव्हतं. 14,000 वर्षांपूर्वीही कुणीतरी बिनकामाच्या कुत्र्याजवळ रात्रभर बसलं होतं.

बाबांची गोष्ट

आमच्या घरी ते कुणीतरी म्हणजे बाबा.

टिल्लूला मी आणलं. पाचवीत होते, शाळेजवळच्या नालीत सापडला, मुठीएवढा. म्हणून नाव टिल्लू, आणि मग तो वासराएवढा झाला तरी नाव तेच राहिलं. बाबांचा सक्त विरोध. "घरात कुत्रं नाही पाहिजे म्हणजे नाही पाहिजे." शेवटी तडजोड झाली, की तो ओट्याच्या आत येणार नाही. पहिल्या पावसाळ्यात तो दाराच्या आत आला. पहिल्या उन्हाळ्यात, मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 च्या पुढे गेला तेव्हा, समोरच्या खोलीत कूलरसमोर आला. त्या जागेवर आधी बाबांची खुर्ची होती. ती कोणी सरकवली, हे आम्हाला कधी कळलं नाही.

शेवटच्या उन्हाळ्यात टिल्लूच्या किडन्या गेल्या. बारा वर्षांचा झाला होता. तोंडाला वास यायला लागला, पाणी खूप प्यायचा, खाणं सुटलं. आधी गावातले डॉक्टर झाले, सलाईन झालं. मग बाबा शेजाऱ्यांची गाडी मागून त्याला 75 किलोमीटरवर नागपूरला घेऊन गेले. हे सगळं मला नंतर कळलं. रात्री उठता येईना म्हणून बाबा त्याला उचलून अंगणात न्यायचे. पोळी दुधात कुस्करून बोटाने भरवायचे. तीही नको झाली तेव्हा गोरस भांडारातून गोरसपाक आणायचे, कारण आयुष्यभर त्याने चोरून खाल्लेली गोष्ट तीच होती. डॉक्टरांनी तसं काही देऊ नका म्हणून सांगितलेलं. बाबा म्हणाले, आता काय वाचवायचं आहे?

मग तो प्रश्न आला, जो तुमच्याही घरी कधीतरी येईल. इंजेक्शन देऊन जाऊ द्यायचं का?

आपल्याकडे हा विषय काढला की पाप-पुण्य सुरू होतं. आमच्याकडेही झालं. वर्ध्याहून आठ किलोमीटरवर सेवाग्राम आहे, आणि ज्यांच्यामुळे ते जगाला माहीत आहे त्या गांधीजींनाही या प्रश्नाला सामोरं जावं लागलं होतं. ते वर्ध्याला येण्याआधीची, 1928 सालची गोष्ट. साबरमती आश्रमात एक वासरू दुखण्याने तळमळत होतं आणि उपचाराचा उपयोग उरला नव्हता. गांधीजींनी आश्रमातल्या लोकांशी बोलून, डॉक्टरांकडून इंजेक्शन देऊन त्याला सोडवलं. अहिंसा सांगणाऱ्या माणसाने वासरू मारलं म्हणून गदारोळ उठला, संतापलेली पत्रं आली. गांधीजींनी लपवाछपवी केली नाही, स्वतःच लेख लिहून बाजू मांडली. त्यात आपला काही स्वार्थ नाही, दुसरा इलाज उरलेला नाही आणि विचार फक्त त्या जिवाच्या वेदनेचा आहे, तर त्याला सोडवणं ही हिंसा नाही, असं त्यांच्या म्हणण्याचं सार होतं.

डॉक्टरांनी बाबांना साधे प्रश्न विचारले. स्वतःहून काही खातो का? उभा राहू शकतो का? तुम्हाला पाहून शेपूट हलवतो का? आठवड्यात चांगले दिवस जास्त की वाईट? बाबांनी घरी येऊन आईच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खुणांशेजारी, रोज फुली नाहीतर टिंब मांडायला सुरुवात केली. फुल्या ओळीने सहा झाल्या तेव्हा त्यांनी ठरवलं.

मला का नाही सांगितलं, म्हणून मी भांडले. खूप भांडले. बाबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुले सांगतलं असतं तर तू म्हटली असती, मी येतपर्यंत ठेवा."

मी तेच म्हटलं असतं. परीक्षा संपेपर्यंत, म्हणजे अजून अकरा दिवस. ते अकरा दिवस माझ्यासाठी असते, त्याच्यासाठी नाही.

प्रेम तुमचं, हजेरी आईची

आता थोडं कडू बोलते.

पिल्लू कोण आणतं? बहुतेक घरांत आपणच. वाढदिवसाला हट्ट करून, नाहीतर रस्त्यावरून उचलून. 'मी त्याला रोज फिरवीन, मी आंघोळ घालीन' ही शपथ घेऊन. मग बारावी होते, आपण पुण्याला, नागपूरला, बंगळुरूला जातो. गावठी कुत्रं नीट सांभाळलं तर बारा-पंधरा वर्षं जगतं. आज तुम्ही वीस वर्षांचे असाल आणि आज पिल्लू आणलंत, तर तुमचं शिक्षण, पहिली नोकरी, लग्न, बदली, कदाचित मूल, या सगळ्यात ते असणार. तेव्हा त्याला भाकर कोण टाकणार? उत्तर 'आई' असेल, तर आधी आईला विचारा.

पुन्हा गांधीजीच. 1926 साली अहमदाबादच्या एका गिरणीमालकाने साठ पिसाळलेली, भटकी कुत्री मारवली. गांधीजींनी त्याची बाजू घेतली म्हणून लोक त्यांच्यावर तुटून पडले आणि 'यंग इंडिया'त त्यांना लेखांची मालिका लिहावी लागली. मारण्याबद्दलचं त्यांचं मत आज आपल्याला पटणार नाही, पटायची गरजही नाही. आज नसबंदी आहे, लस आहे. पण त्यांचा दुसरा मुद्दा अजून टोचतो. कुत्र्याला रस्त्यावर तुकडा टाकून निघून जाणं म्हणजे दया नाही. त्याची जबाबदारी घेणारं कुणीतरी असलं पाहिजे, आणि बेवारस फिरणारं कुत्रं हे समाजाच्या आळसाचं लक्षण आहे. पार्ले-जीचा पुडा फोडून रील काढणाऱ्या आपल्या पिढीलाच ते बोलतायत असं वाटतं.

म्हणून पुन्हा कुत्रं आणणार असाल तर एवढं बघा. 45 अंशाच्या आपल्या उन्हाळ्यात हस्की आणू नका, बर्फातल्या जनावराला कूलरपुढे बांधून ठेवण्यात माया नाही. गावठी पिल्लू या हवेतच घडलेलं असतं. दीड-दोन महिन्यांचं झालं की डिस्टेंपर-पार्व्होची लस सुरू करा, डॉक्टर सांगतील तसे पुढचे डोस द्या. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, आणि मग दरवर्षी. आधीचं कुत्रं पार्व्होने गेलं असेल तर तो विषाणू घरात, मातीत कित्येक महिने टिकतो, नवीन पिल्लू घाईने आणू नका. कान आणि बोटांच्या मधली गोचिडं रोज बघा, गोचीडतापाने आपल्याकडे चांगली धडधाकट कुत्री जातात. नसबंदी करून घ्या. आणि कोणतंही कुत्रं चावलं, अगदी घरचंही, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. रेबीजची लक्षणं दिसल्यावर इलाज जवळजवळ नाहीच.

घरी ठेवणं जमणार नसेल तरी हजेरी लावता येते. वर्ध्याजवळ पिपरी मेघेला 'पीपल फॉर ॲनिमल्स'चं करुणाश्रम आहे. तिथे जखमी, बेवारस जनावरांवर उपचार होतात. अशा ठिकाणी सुटीत चार दिवस जाऊन शेण-घाण काढा. प्रेम म्हणजे नेमकं काय काम असतं, ते कळतं.

ज्यांचं नुकतंच गेलंय, त्यांना

पहिली गोष्ट, रडा. 'सर्दी झालीय' म्हणू नका. मित्राला सरळ सांगा, माझं कुत्रं गेलं आणि मला वाईट वाटतंय. हसणारे हसतील. पण एखादा हळूच म्हणेल, आमचंही गेलं होतं. मला असे किती भेटले! ज्या सरांना आम्ही सगळे घाबरायचो, ते सर त्यांच्या गावाकडच्या कुत्रीबद्दल बोलताना मधेच थांबले होते.

दुसरी गोष्ट, घरच्यांना विचारा. आपण समजतो कुत्रं आपलं होतं. पण गेली तीन-चार वर्षं त्याच्यासोबत राहत होते ते आई-बाबा. आपण शिकायला गेल्यावर रिकाम्या झालेल्या घरात तोच होता. त्यांचा सकाळी उठायचा, संध्याकाळी फिरायला जायचा सगळा दिनक्रम त्याच्याभोवती लागलेला असतो. म्हणून कुत्रं गेलं की आधी आई-बाबांना फोन करा. लहान भावंड असेल तर त्याला 'पळून गेला' असं सांगू नका, ते वर्षानुवर्षं गेटकडे बघत राहतं. मेला म्हणून सांगा, आणि शेवटचं पाहू द्या.

तिसरी गोष्ट, निरोप नीट द्या. पुरायचं असेल तर आपल्याच जागेत, विहीर-बोअरपासून लांब, चांगला तीन-चार फुटांचा खड्डा करा. वर काहीतरी लावा. आजार संशयास्पद असेल तर हात लावण्याआधी डॉक्टरांना विचारा. त्याचं ताट, साखळी लगेच फेकायची की ठेवायची, ते घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा.

आणि आठवडेच्या आठवडे गेले तरी झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, अभ्यासात लक्ष लागत नसेल, तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. कुत्र्यासाठी फोन केला म्हणून लाजायचं कारण नाही.

राहिली 'मी तिथे नव्हते' ही बोचणी. ती माझी अजून पूर्ण गेलेली नाही. पण तिचं काय करायचं ते मला कळलंय. त्याच्याजवळ जी हजेरी लागली नाही, ती आता जे आहेत त्यांच्याजवळ लावायची. रविवारचा फोन मी आता कितीही काम असलं तरी चुकवत नाही. आईला बरं नाही म्हटल्यावर 'गोळी घे' म्हणून ठेवून देत नाही. मैत्रीण रडत असेल तर सल्ला देत नाही, शेजारी बसते. सुरुवातीला फार अवघड जातं हे. तोंड सारखं काहीतरी बोलायला बघतं.

परीक्षेनंतर मी घरी गेले, ती सकाळ अजून आठवते. वर्धा स्टेशनवरून ऑटो केला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर पोटात गोळा आला. एरवी ऑटोचा आवाज वळणावर आला की टिल्लू गेटच्या सळ्यांमधून तोंड काढून उभा असायचा. बाबा कधीच बाहेर यायचे नाहीत. आतूनच ओरडायचे, "दार उघडंच आहे."

त्या दिवशी ऑटो वळला तर बाबा गेटशी उभे होते. बनियन-पायजम्यावर, हातात काही नाही, कामही काही नाही. नुसते उभे.

मी बॅग खाली ठेवली. म्हटलं, "बाबा, तुम्ही इथं?"

ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "असंच. कोणीतरी पाहिजे नं."

चार वर्षं झाली. अजूनही मी येणार असले की ते गेटशी उभे असतात.